अण्णांची १९९० ची कॉन्टेसा: इंजिन बदलू का आहे तेच करू?

औसेकर · सोमवार, रात्री १०:१२

मंडळी, चार वर्षं नुसता वाचतोय इथं. आता स्वतःवर वेळ आली म्हणून धागा काढतो. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आमच्या अण्णांनी (वडील) १९९४ साली पुण्यातल्या एका वकिलांकडून कॉन्टेसा घेतली. १९९० चं मॉडेल, इसुझूचं १.८ पेट्रोल इंजिन, पाच गिअर, पांढरी. लातूरच्या अडत लायनीत तेव्हा जीप आणि ॲम्बॅसिडर सोडून फारसं काही दिसायचं नाही. ही गाडी आत वळवायची तर हमालांना तुरीच्या दोन थप्प्या सरकवाव्या लागायच्या. मी सातवीत होतो. पुढच्या सीटवर बसून बॉनेटकडं बघितलं की ते संपतच नाही असं वाटायचं.

२०११ च्या उन्हाळ्यात औसा रोडला गरम होऊन बंद पडली. ट्रॅक्टरला बांधून शेतावरच्या पत्र्याच्या शेडात आणून लावली, ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणून. तो आठवडा अजून उगवायचाय. उंदरांनी मागच्या सीटचा निम्मा काथ्या नेला, दिव्याच्या वायरी कुरतडल्या. पत्रा मात्र आपल्या कोरड्या हवेमुळं वाचलाय, फक्त दाराच्या खालच्या कडा गेल्यात. मधे एक भंगारवाला येऊन जालन्याच्या भट्टीचा भाव सांगून गेला. आईनं त्याला चहासुद्धा विचारला नाही.

आता अण्णा ७९ चे. परवा जेवताना सहज म्हणाले, एकदा त्या गाडीत बसून तुळजापूरला जायचंय. अण्णा सहज काही म्हणत नाहीत.

तर प्रश्न असा. एक गॅरेजवाला म्हणतो इनोव्हाचं २.५ डिझेल टाका, गिअरबॉक्ससकट मिळतं. दुसरा म्हणतो स्कॉर्पिओचं एमहॉक डिझेल. पुतण्या मला रोज मोबाईलवर कुणाच्या तरी कॉन्टेसात बसवलेलं टोयोटाच्या सुप्रा या स्पोर्ट्स कारचं टूजेझेड इंजिन दाखवतो. बजेट दोन, ओढूनताणून अडीच लाख. वापर महिन्यातून दोनदा: तुळजापूर, अंबाजोगाई, कधीतरी समृद्धीवरून शिर्डी. काय करावं?

समृद्धीवरचा_वारा · सोमवार, रात्री १०:३१

दादा, विचार कसला करताय! कॉन्टेसा म्हणजे आपल्या देशातली एकमेव मसल कार, आणि तिच्यात इंजिन काय तर ८८ हॉर्सपॉवर. तेही कागदावर, तेही १९९० साली. आज त्यातली साठ जरी उरली असली तरी नारळ फोडा.

एमहॉक टाका. २.२ लिटर, १२० हॉर्सपॉवर, टॉर्क २९० न्यूटन-मीटर. आडवं नाही, गाडीच्या लांबीत उभं बसतं, मागच्या चाकाला ताकद देतं, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट कमीजास्त केला की झालं. बॉनेटखाली जागा तर इतकी आहे की इंजिनाशेजारी माणूस झोपेल. संभाजीनगरात ओळखीचा एक जण अशी कामं करतो, त्याचा नंबर व्यनि (खाजगी निरोप) करतो.

खारी_बिस्कीट · सोमवार, रात्री १०:३४

फोटो टाका आधी.

परभणीचा_ह्यूस्टनी · सोमवार, रात्री ११:०५

वाऱ्या, ‘मसल कार’ शब्दावर माझं एक तांत्रिक भांडण नोंदवून ठेवतो. १९६४ ची पाँटिॲक जीटीओ घ्या: मध्यम आकाराच्या गाडीत ६.४ लिटरचं व्ही-आठ इंजिन कोंबलेलं. मसल कार याला म्हणतात. कॉन्टेसाचा चेहरा तसा, पण रक्त इंग्लंडचं. व्हॉक्सहॉलची व्हीएक्स मालिका बंद झाल्यावर तिचे साचे हिंदुस्तान मोटर्सनं घेतले आणि १९८४ पासून गाडी आपल्याकडं बनायला लागली. सुरुवातीला तर आत ॲम्बॅसिडरचंच १,४८९ सीसीचं इंजिन होतं, जेमतेम ५० हॉर्सपॉवर. पैलवानाच्या अंगात मुनीमजीचा जीव. इसुझूचं १.८ आलं तेव्हा कुठं तिला श्वास मिळाला.

बॉनेटखाली जागा का आहे तेही सांगतो. तिकडं याच सांगाड्यात २.३ लिटर आणि व्हेंटोरा नावाच्या मॉडेलमध्ये ३.३ लिटरचं सहा सिलिंडर इंजिन बसायचं. म्हणजे मोठं इंजिन सांगाड्याला परकं नाही. आकाराचा प्रश्न नाहीच. प्रश्न बाकीचा आहे, उद्या सविस्तर लिहितो, इथं ऑफिस चालू आहे.

कागदपत्र_काका · मंगळवार, सकाळी ७:४८

मी खंडपीठात वकिली करतो, मोटार अपघाताचे दावे रोज बघतो, म्हणून सकाळी सकाळी विरजण घालतो.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसी पुस्तकावर कंपनीनं दिलेली जी मूळ माहिती आहे तिच्याशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं केरळमधून आलेल्या प्रकरणात हेच पुन्हा ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२अ आलं: बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. मान्यताप्राप्त किट लावून सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर नेण्याची वाट कायद्यानं ठेवलेली आहे. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन मंजुरी घेऊन बदलता येतं. आधी अर्ज, मग इंजिन, उलट नाही. पेट्रोलच्या आरसीवर इनोव्हाचं डिझेल बसवणं यातल्या कशातच बसत नाही.

‘कोण बघतं?’ असं म्हणणाऱ्यांना सांगतो: विम्याचा सर्वेअर बघतो. अपघातानंतर तो आधी चेसिस नंबर आणि इंजिन नंबर उतरवून घेतो. समोरच्या माणसाला काही झालं तर मग मालकाची जमीन मोजायची वेळ येते. जमीन मोजलेली मी पाहिलीय.

आणि हो, नोंदणीचं नूतनीकरण झालंय का? पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करावं लागतं. एप्रिल २०२२ पासून चारचाकीचं शुल्क ६०० चं ५,००० झालं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांना १०,०००. उशिराचा दंड आणि पर्यावरण कर वेगळा.

समृद्धीवरचा_वारा · मंगळवार, सकाळी ८:१०

काका, मग व्हिंटेजमध्ये टाकायची ना गाडी.

कागदपत्र_काका · मंगळवार, सकाळी ८:२२

व्हिंटेजचे नियम २०२१ चे आहेत. गाडी पन्नास वर्षांपुढची लागते, आणि मूळ रूपातली लागते. २०४० मध्ये भेटू. शिवाय त्या नंबरवर गाडी रोजच्या वापरात काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली अशाच कामाला. तुळजापूरची वारी त्यात बसवायची तर बाजू मांडायला मजा येईल, पण फी घेईन.

पाना_नंबर_१४ · मंगळवार, दुपारी १:१५

राम राम. मी उदगीरचा. एसटीच्या चिकलठाना वर्कशॉपला इंजिन सेक्शनमधी हुतो, आता रिटायर. नातू टाइप करूलालाय, मी सांगूलालाव.

सगळे मिळून इंजिन कोन्तं टाकावं त्येच इचारूलालाव. पर हाय त्या इंजिनाला झालंय काय, त्ये एकानं बी इचारलं न्हाई. डॉक्टरकडं जाऊन कुनी म्हनतंय का, माझं पोट दुखूलालंय, दुसरं पोट टाका?

औसेकर मालक, पयली गोष्ट, सेल मारू नगा. चौदा वर्सं हुभी गाडी हाय. बोरमधी (पिस्टन पळतंय त्या नळीत) पिस्टनच्या रिंगा चिकटल्या आसत्याल, सेल मारला की तुटत्याल, मग खरंच फुल काम निघंल. चारी पलग काढा. परत्येक भोकात दोन-दोन चमचे इंजिन ऑइल सोडा. दोन दिस तसंच ऱ्हाऊ द्या. मग गाडी न्यूट्रलला टाकून किरँकच्या पुलीच्या बोल्टाला पाना लावून हातानं फिरवा. सावकाश. फिरलं तर अर्धी लढाई जितली. न्हाई फिरलं तर जोर करू नगा, अजून ऑइल सोडा, अजून दोन दिस. चेंबरमधलं जुनं ऑइल काढून टाका, टाकीतलं पेट्रोल तर वासबी घेऊ नगा, बाहीर काढा. टाकी धुवा.

त्येच्यानंतर कंपरेशन घ्या, म्हंजे परत्येक सिलिंडर हवा किती दाबतंय त्ये गेजनं मोजा. मग बोलू.

औसेकर · मंगळवार, दुपारी २:४०

काका, खरंय. चौदा वर्षांत मी बॉनेट दोनदा उघडलं असेल, तेही मांजरीनं पिल्लं घातली होती म्हणून. आज संध्याकाळी ऑइल सोडतो.

मनीषा_बीड · मंगळवार, रात्री ९:२०

धागा वाचून राहवलं नाही. आमच्या घरात हा उद्योग होऊन गेलाय.

माझ्या भावाकडं १९९१ ची कॉन्टेसा होती. त्यानं तिच्यात क्वालिसचं डिझेल इंजिन बसवून घेतलं. गॅरेजवाल्यानं (नाव लिहीत नाही, ते गॅरेज आता बंदही पडलंय) सांगितलं होतं पंधरा दिवस. लागले सात महिने. इंजिन तर दुसऱ्याच दिवशी आत टांगलं होतं, आम्हाला फोटोही पाठवला. पण इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर क्रॉसमेंबरला (सांगाड्याच्या आडव्या दांड्याला) घासत होता म्हणून तो कापून पुन्हा वेल्डिंग केला, तो गळायला लागला. इंजिन ज्यावर बसतं ती फाउंडेशन नवीन बनवली, पण इतका थरकाप की बंद काचा आपोआप खाली यायच्या. रेडिएटर पुरेना. डिझेल इंजिन जड, त्यामुळं गाडीचं नाक खाली गेलं, म्हणून पुढच्या स्प्रिंगखाली काहीतरी रबर घातलं.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण मांजरसुंब्याच्या घाटात उतारावर भावानं ब्रेक दाबला आणि पाय दगडावर पडल्यासारखा झाला. गिअरवर, हँडब्रेकवर आणि देवाच्या दयेवर गाडी थांबली, शेजारी वहिनी आणि पाच वर्षांची पोरगी. नंतर बीडच्या एका जुन्या मिस्त्रीनं कारण सांगितलं. पेट्रोल इंजिन हवा ओढताना जी पोकळी तयार करतं तिच्यावर ब्रेकचा बूस्टर चालतो. डिझेल इंजिनात तशी पोकळी नसते, तिथं वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. क्वालिसच्या इंजिनाबरोबर तो आलाच होता. पण एसीचा कॉम्प्रेसर बसवताना अडचण झाली म्हणून यांनी तो काढून ठेवला आणि पाइप तसाच बांधून टाकला. रिकाम्या रस्त्यावर ते कळलं नाही, कारण जोरात पाय दिला की गाडी थांबायची. उतारावर कळलं.

पुढं नूतनीकरणाला गेल्यावर आरटीओत इंजिन नंबर जुळेना, ते वेगळंच. गाडी शेवटी विकली. कुणाला, ते भाऊ सांगत नाही.

खारी_बिस्कीट · मंगळवार, रात्री ९:२६

अंगावर काटा आला ताई.

समृद्धीवरचा_वारा · मंगळवार, रात्री ९:५५

हा गॅरेजवाल्याचा दोष झाला, इंजिनाचा नाही. नीट केलं तर इनोव्हाचं २.५ मस्त बसतं. दणकट इंजिन, पार्ट तालुक्याच्या गावाला मिळतात, कुठलाही फिटर करतो.

वाळूजची_लेथ · मंगळवार, रात्री ११:३०

वाऱ्या, दोष इंजिनाचा नाही हे कबूल. पण इंजिन म्हणजे एकटा गडी नसतो, त्याच्या मागं सगळी बैलजोडी असते. एक साधं गणित करून दाखवतो. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत.

टायरचा घेर १.९ मीटर धरा. ताशी १०० म्हणजे मिनिटाला १,६६७ मीटर, म्हणजे चाकाच्या ८७७ फेऱ्या. मागच्या हाउसिंगचं प्रमाण (चाकाच्या एका फेरीला प्रोपेलरच्या किती फेऱ्या) ४ आणि पाचव्या गिअरचं ०.८५ धरलं तर इंजिन फिरणार साधारण २,९८० ला. समृद्धीवरची मर्यादा १२०, तिथं ३,५८०. आता इनोव्हाचं ते डिझेल आपली सगळी १०२ ची ताकद देतं ३,६०० फेऱ्यांना. म्हणजे शिर्डीपर्यंत ते बिचारं कायम शेंडीला बांधलेलं. इसुझू पेट्रोलची ताकद ५,००० च्या आसपास येते. त्याला तोच वेग म्हणजे गप्पा मारत चालणं. डिझेल टाकायचं तर हे प्रमाण ठरवणारा हाउसिंगमधला क्राउन-पिनियन बदलावा लागणार, आणि तो कॉन्टेसाच्या हाउसिंगला बसणारा शोधावा लागणार. की मग अख्खा मागचा ॲक्सल. की मग ब्रेक. की मग रिमा.

आपल्या गाडीचं खरं प्रमाण बघायचं असेल तर मागचं एकच चाक जॅकवर उचला, दुसरं जमिनीवर, गाडी न्यूट्रलला, पुढच्या चाकांना दगड. उचललेलं चाक बरोबर दोनदा फिरवा आणि तेवढ्यात प्रोपेलर किती फिरला ते खडूची खूण करून मोजा. जो आकडा येईल ते प्रमाण.

एमहॉकबद्दल तर बोलूच नका. ते कॉमन रेल आहे, म्हणजे डिझेलची फवारणी कॉम्प्युटर ठरवतो. इंजिनाबरोबर त्याचा मेंदू, वायरिंगचं जाळं, चावीचं कुलूप, पायाच्या पॅडलचा सेन्सर, टाकीकडं परत जाणारी डिझेलची लाइन, सगळं आणावं लागतं. एक वायर कमी पडली तर गाडी चढावर वीसच्या वर जात नाही आणि का जात नाही ते कुणालाच कळत नाही.

परभणीचा_ह्यूस्टनी · बुधवार, पहाटे ५:५०

लेथभाऊंनी माझं निम्मं काम केलं.

माझ्याकडं इथं १९७० ची शेव्हेल आहे. मूळ इंजिन ३०७ क्यूबिक इंच, म्हणजे ५ लिटरचं व्ही-आठ. माहितीपत्रकावर २०० हॉर्सपॉवर. पण तेव्हा अमेरिकेत इंजिन टेबलावर ठेवून, एअर फिल्टर नाही, सायलेन्सर नाही, डायनमोचं ओझं नाही, असं मोजायचे. १९७२ पासून सगळं लावून मोजायला लागले आणि आकडे धाडकन खाली आले. म्हणून जुन्या गाडीच्या आकड्यावर कधी जाऊ नये.

मी तिच्यात भंगारातल्या सिल्व्हरॅडो पिकअपचं ५.३ लिटर इंजिन बसवलं. इथं हे रोजचं आहे. हे इंजिन जुन्या फाउंडेशनवर बसवायच्या पट्ट्या तयार मिळतात, वेगळा चेंबर मिळतो, कापलेलं वायरिंग मिळतं, गॅरंटीवालं नवं इंजिन खोक्यात घरपोच येतं. टेक्सासात पंचविशी गाठलेल्या गाडीला धुराची तपासणी लागत नाही. कॅलिफोर्नियात तसं नाही; तिथं १९७६ च्या पुढच्या गाडीत इंजिन टाकायचं तर ते गाडीच्या सालाचं किंवा त्याहून नवं लागतं.

आणि इतकी सोय असूनही ऐका: सगळ्या कामात स्वस्तात काय पडलं असेल तर ते इंजिन. त्याच्या तिप्पट पैसे पेट्रोलच्या पंपात, गिअरबॉक्समध्ये, रेडिएटरमध्ये, ब्रेकमध्ये आणि ‘अरे हे राहिलंच’ मध्ये गेले. दीड वर्ष गेलं. बायको अजून ते दीड वर्ष म्हणूनच मोजते. लातूरला तर यातला प्रत्येक तुकडा हातानं बनवावा लागेल.

औसेकर · शुक्रवार, रात्री ८:४५

अपडेट. इंजिन फिरलं!

पाना काकांनी सांगितलं तसं केलं. पहिल्या दिवशी पाना लावला तर जागचं हललं नाही. आणखी ऑइल, आणखी एक दिवस. आज सकाळी अर्धा इंच हललं, मग मागं, मग पुढं, आणि अकराच्या सुमाराला पूर्ण फेरी. मी एकटा शेडात ओरडलो. शेजारच्या रानातला गडी साप निघाला म्हणून काठी घेऊन आला.

दुसरी गोष्ट. अण्णांना सांगितलं तर ते उठून आत गेले आणि लोखंडी कपाटातून एक वही आणली. कॉन्टेसाची वही! १९९४ पासून प्रत्येक पेट्रोल, प्रत्येक पंक्चर, अडत दुकानाच्या खात्यासारखं लिहिलेलं. मला अशी वही आहे हेच माहीत नव्हतं. त्यातल्या तीन ओळी जशाच्या तशा:

‘मे ९८. मांजरसुंबा घाटात पाणी उकळले. मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून टाकला. म्हणाला आपल्याकडे लागत नाही.’

‘एप्रिल ०३. हेड पॅकिंग बदलले. पाणी पुन्हा कमी होते.’

‘जून ११. औसा रोड. बंद.’

पाना_नंबर_१४ · शुक्रवार, रात्री ९:३०

आण्णांस्नी माझा नमस्कार सांगा. वर्कशॉपला असलं रजिस्टर ठिवायला साहेब लोक बोंबलायचे, तरी कुनी ठिवत नव्हतं.

रोग कळला. थर्मोस्टॅट काडला म्हंजे रोग गेला न्हाई, डॉक्टर गेला. ‘आपल्याकडं लागत न्हाई’ म्हननारे मिस्त्री गावोगाव हायत. थर्मोस्टॅट न्हाई म्हंजे हिवाळ्यात इंजिन थंडच पळतंय, पेट्रोल जास्त पितंय, ऑइल खराब हुतंय, बोर लवकर झिजतो. आन उन्हाळ्यात पानी उकळायचं कारन दुसरंच आसतंय. रेडिएटरमधी पानी कोन्तं टाकायचे?

औसेकर · शुक्रवार, रात्री ९:४१

बोअरचं. शेतातल्या.

पाना_नंबर_१४ · शुक्रवार, रात्री ९:४८

मग झालं. आपल्या बोरचं पानी चहाच्या पातेल्याला पांढरा थर देतंय, रेडिएटरच्या नळ्यांचं काय हुईल? रेडिएटर खोलून रॉड मारून घ्या. ब्लॉकमधला गाळ धुवा. आन इथून फुडं डिस्टिल वाटर आन कूलंट, दुसरं काय न्हाई. आता कंपरेशन.

वाळूजची_लेथ · शुक्रवार, रात्री १०:०२

कॉम्प्रेशन घेताना चारही प्लग बाहेर, बॅटरी पूर्ण चार्ज, डेलकोची (डिस्ट्रिब्युटरची) मधली वायर काढून अर्थ केलेली, आणि कुणीतरी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा. नाहीतर हवाच आत जात नाही आणि आकडे खोटे येतात. सेल मारायच्या आधी नवं ऑइल भरा. प्रत्येकाला पाच-सहा ठोके द्या. आधी कोरडं घ्या, मग थोडं ऑइल टाकून पुन्हा.

औसेकर · रविवार, संध्याकाळी ६:२०

घेतलं. पुतण्या ॲक्सिलरेटरवर, मी गेजवर, अण्णा खुर्ची टाकून वही घेऊन.

कोरडं (पीएसआय): १४५, १४०, ८५, १४२.
ऑइल टाकून: १६०, १५५, ८८, १५८.

तिसऱ्याचं काहीतरी बिनसलंय एवढं मलाही कळलं.

वाळूजची_लेथ · रविवार, संध्याकाळी ६:५५

वा! वीस-एकवीस वर्षं चाललेल्या आणि चौदा वर्षं झोपलेल्या इंजिनाला हे आकडे म्हणजे आजोबांनी दंड काढून दाखवणं आहे.

वाचायचं कसं ते सांगतो. ऑइल टाकल्यावर रिंगा आणि बोर यांच्यातली फट तात्पुरती बुजते. आकडा एकदम वर उसळला तर रिंगा गेल्या. तुमच्या तीन सिलिंडरांत पंधरा-सोळानं वाढ, म्हणजे नेहमीची झीज. तिसऱ्यात ऑइल टाकूनही फक्त तीननं वाढ. म्हणजे हवा खालून जात नाही, वरून जातेय. व्हॉल्व्ह. दोन शेजारचे सिलिंडर सोबत पडले असते तर हेड पॅकिंगवर संशय घेतला असता, तसं नाही. तिसऱ्याच्या प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडा, पिस्टन वर असताना आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना. मागं सायलेन्सरला कान लावा. फुसफुस आली तर एक्झॉस्ट, कार्बोरेटरमधून आली तर इनलेट.

बोर, पिस्टन, क्रँक, कशालाच हात लावायची गरज नाही. हेड उतरवा आणि माझ्याकडं पाठवा.

समृद्धीवरचा_वारा · रविवार, संध्याकाळी ७:१०

म्हणजे एमहॉक कॅन्सल 😔

मनीषा_बीड · रविवार, संध्याकाळी ७:१८

वारा, तू एकदा आमच्या घाटातून उतर, व्हॅक्यूमशिवाय.

खारी_बिस्कीट · रविवार, संध्याकाळी ७:३०

पण ८८ हॉर्सपॉवरनं मजा येईल का? आणि पार्ट?

परभणीचा_ह्यूस्टनी · रविवार, रात्री ८:१५

पार्टची काळजी वाटते तेवढी नाही. हेच १,८१७ सीसीचं इंजिन ॲम्बॅसिडरच्या १८०० आयएसझेड मॉडेलमध्येही होतं. कॉन्टेसा २००२ ला बंद झाली, पण ॲम्बॅसिडर २०१४ पर्यंत चालली. पॅकिंग सेट, वॉटर पंप, व्हॉल्व्ह ॲम्बॅसिडरच्या नावानं शोधा, कोलकात्याकडं चौकशी करा.

मजेचं म्हणाल तर इलेक्ट्रॉनिक इग्निशन करून घ्या, पॉइंट-कंडेन्सरची कटकट जाते. बाकी पैसा ब्रेक, टायर आणि स्टिअरिंगच्या सांध्यांवर घाला. आणि पेट्रोल आता ई-२० (वीस टक्के इथेनॉल) आहे हे विसरू नका. इथेनॉल जुनं रबर फुगवतं. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची पॅकिंग, इथेनॉलला टिकणारी घाला. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळं मिश्रण पातळ होतं आणि व्हॉल्व्ह जास्त तापतात; कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल येतं ते भोक) एक नंबर मोठा करावा लागेल कदाचित. आणि महिनाभर उभी ठेवणार असाल तर टाकीत पेट्रोल साठवू नका, ते हवेतलं पाणी ओढतं.

औसेकर · रविवार, रात्री ८:३३

इथेनॉल आमच्याच भागातल्या कारखान्यांचं. म्हणजे उसानं आमचं पाणी नेलं आणि आता रबरही नेणार.

वाळूजची_लेथ · (बारा दिवसांनी) शुक्रवार, दुपारी ४:००

औसेकरांचं हेड आलं, खोललं. तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेला जळालाय. हेडला सरळपट्टी लावून फीलर घातला तर मधे ०.१५ मिलिमीटरचा बाक. सगळं गरम झाल्याचं. फेसिंग केलं (घासून सपाट केलं), चारही एक्झॉस्ट सीट नव्या बसवल्या, व्हॉल्व्ह नवे, गाइड दोन बदलले, सील सगळे. रॉकेल भरून रात्रभर ठेवलं, थेंब नाही उतरला.

ॲल्युमिनिअमचं हेड आहे, बोल्ट आवळताना तीन टप्प्यांत आणि मधून बाहेर असं या. घाई केली तर मी पुन्हा फेसिंगचे पैसे घेईन.

कागदपत्र_काका · शुक्रवार, दुपारी ४:२२

नूतनीकरणाच्या अर्जाचं काय झालं? इंजिन तेच राहिल्यामुळं मला यात काही काम उरलं नाही, याची नोंद घ्यावी.

औसेकर · शुक्रवार, दुपारी ४:३०

पत्ता बदलासकट अर्ज केलाय काका. इंजिन नंबरवरचा गंज पॉलिश पेपरनं घासून आकडे वाचता येतील असे केले. तपासणीची तारीख पुढच्या महिन्यात.

औसेकर · (नऊ दिवसांनी) रविवार, दुपारी १२:१०

सुरू झाली.

तिसऱ्या सेलला खोकली, पाचव्याला धरली. पहिली दोन मिनिटं पांढरा धूर, शेड भरून गेलं, मग साफ. दहा मिनिटांत काटा मधोमध येऊन थांबला आणि तिथंच राहिला. ऑइल प्रेशर ठीक. टॅपेटचा थोडा आवाज आहे, गरम झाल्यावर पुन्हा सेट करू. ब्रेकचे व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर नवे, टायर चारही नवे. आतापर्यंत एक लाख बारा हजार झाले, सीटचं काम बाकी आहे, काथ्या बघून कारागीर हसला.

अण्णा मागं बसले. मी म्हटलं पुढं बसा, तर म्हणाले, चालवणाऱ्याच्या शेजारी बसलो तर मी बोलणार. शेडापासून रस्त्यापर्यंत नेली आणि परत आणली, कागद होईपर्यंत एवढंच.

समृद्धीवरचा_वारा · रविवार, दुपारी १२:१४

व्हिडिओ!! आवाज ऐकवा!!

पाना_नंबर_१४ · रविवार, दुपारी १२:४०

थर्मोस्टॅट बसविला का?

औसेकर · रविवार, दुपारी १२:४१

बसवला काका.

पाना_नंबर_१४ · रविवार, दुपारी १२:५५

पाचशे किलोमीटर झाले की हेडचे बोल्ट परत एकदा टाइट करा. इंजिन पार थंड आसताना, सकाळच्या पारी.

औसेकर · रविवार, दुपारी १:०२

अण्णांनी वहीत लिहून घेतलं.